फोडीच्या आतला लाल

सोमवार, २१ एप्रिल २०२५. मोलगी

सतरा नंबरचं पोतं लाल आलं. कालीबाईचं!

तीन वेळा पाहिलं. कॅमेरा जुळवायची पांढरी फरशी पुसून, दिवे पुरते तापू देऊन, पुन्हा. आमचुराच्या वाळक्या फोडी पट्ट्यावरून सरकतात, वरून हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा पाहतो. आपला डोळा तीन रंगांवर भागवतो. हा दोनशेहून जास्त पाहतो, आपल्याला न दिसणारेही. फोडीच्या ठिपक्या-ठिपक्यातून परतलेला उजेड संगणक मी भरून ठेवलेल्या नमुन्यांशी ताडतो. ओल असेल तर निळा, बुरशी असेल तर काळा, पीठ असेल तर लाल. फोडी पांढऱ्या दिसाव्यात म्हणून काही जण मैदा चोळतात, त्यासाठीच हे यंत्र इथे आणलं.

आयोडिनचा थेंबही टाकला. निळाजांभळा झाला. म्हणजे स्टार्च आहेच. लाल चिठ्ठी लावली, सही केली.

सही करताना हात थांबला होता. का, ते लिहून ठेवते — मोलगीत माझ्याशी बसून बोलणारी ती एकटीच. आणि म्हणूनच केली. ओळखीची म्हणून सोडलं, असं व्हायला नको. हा प्रामाणिकपणा की मिरवणं?

मंगळवार, २२ एप्रिल

कालीबाईच्या डोंगरातल्या पाड्यावरच्या आणखी दहा बायकांची पोती लावून पाहिली. दहाच्या दहा लाल.

भूपेंद्रभाऊंना नंदुरबारला फोन केला. आमचूर खरेदीचं हे केंद्र त्यांचं, मी त्यांची पगारी केमिस्ट. "त्या पाडाना सगळा माल बंद करा, चारुताई." म्हटलं, अकरा बायका, सगळ्याच पीठ चोळतील? "मशीनले काय नातं-गोतं शे का? ते खोटं कसाले बोली?"

पोती परत पाठवली.

शुक्रवार, २५ एप्रिल

बाजार. कालीबाई दारावरून गेली, थांबली नाही. एरवी टोपली माझ्या ओट्यावर टेकवते, पाणी पिते, माझ्या केसांना तेल नाही म्हणून बोलते. आज टोपली डोक्यावरच राहिली.

समोरच्या मिठाच्या दुकानातून गिरधर ओरडला, "काय कालीबाय, यंदा आंबा का भाकरी?" लोक हसले. ती वळून म्हणाली, "तुज्या मिठात रेती. ती पाहायला मशीन आण." लोक जास्त हसले. पण तिच्या मालाला कोणी हात लावला नाही. माझ्या केंद्राने नाकारलेला माल दुसरा कोण घेणार?

मी आत उभी. दार अर्धं लोटलेलं.

रविवार, २७ एप्रिल

आज कोणाशीच बोलले नाही. दुपारी वहीतले आकडे मोठ्याने वाचले, घशातून आवाज येतो का पाहायला.

सोमवार, २८ एप्रिल

ठेवून घेतलेल्या नमुन्यातली एक फोड हातात मोडली. तुटलेली बाजू वर करून पट्ट्यावर ठेवली. आतही लाल. कडेपेक्षा आत जास्तच.

चोळलेलं पीठ वर बसेल. आत कसं शिरेल?

भूपेंद्रभाऊ म्हणाले, "पीठना पाणीमा भिजाडेल व्हई." असेल. नसेलही. सही मात्र माझी आहे.

बुधवार, ३० एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. घरून, रनाळ्याहून आईचा फोन. "तुन्हा बापनी घागर भरी. तुन्हा भाऊ रतिलालनी पूजा करी. आते खाय तू कैरी, कालदिनपावत बंद व्हती." आखाजीला गेलेल्या वडिलांच्या नावाची घागर भरून आंबा वाहिल्याशिवाय आमच्या घरात सुरी लागत नाही. बाकीच्यांकडे हे पिकल्या आंब्यापुरतं, आईकडे कैरीलाही. म्हटलं, मी कुठे असलं काही पाळते? "तू नही पाळस? मांगला सालले सुरी लिसन बसनी व्हती, आखाजीनी वाट देखत."

फोन ठेवला.

यंत्रात भरलेले नमुने मी गेल्या वर्षी रनाळ्याच्या गच्चीवर वाळवले होते. वही काढली. पहिली फोड ११ मे २०२४. आखाजी १० मेला होती. तिच्या आधीची एकही कैरी नाही. आईने सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. हात आपोआप थांबला होता, आणि मी स्वतःला शास्त्र मानणारी समजत होते.

तोवर रनाळ्याकडच्या, सपाटीवरच्या कैऱ्या पाडाला आलेल्या, आतून पिवळ्या. डोंगरात त्या कठीण, हिरव्या असतानाच उतरवतात. कठीण कैरीत स्टार्च भरपूर असतो, पिकू लागली की त्याची साखर होते. हे परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले आहेत! पिठातही स्टार्चच. कॅमेऱ्याला स्टार्च दिसला, त्याला 'पीठ' हे नाव मी दिलं होतं. आयोडिनलाही फरक कळणार नव्हता.

हे खरं असेल तर. अजून ताडून पाहायचं आहे.

गुरुवार, १ मे

चालत पाड्यावर गेले. कालीबाई अंगणात होती.

"सही करायला आली?"

म्हटलं, कैऱ्या हव्यात. कठीण. माझ्यासमोर उतरवलेल्या.

"पीठ बी देऊ संगं?" तिची सून संध्या तोंडाला पदर लावून हसली.

सांगितलं, माझी चूक झाली असावी असं वाटतं.

"वाटतं?" कालीबाई म्हणाली. "लाल लावलं तवा वाटत नव्हतं. तवा कळत होतं."

तरी तिने संध्याला झाडावर चढवलं. बारा कैऱ्या. साल मीच काढली, फोडी मीच केल्या. जाड झाल्या. "अशा तर आमच्या पोरी बी नाय करत," एवढंच म्हणाली.

सोमवार, ५ मे

फोडी माझ्या ओट्यावर वाळल्या. राखण मीच केली. पिठाचा डबासुद्धा घराबाहेर ठेवला होता.

लाल. सगळ्या लाल.

इतका आनंद आणि इतकी लाज एका वेळी पहिल्यांदाच.

मंगळवार, ६ मे

भूपेंद्रभाऊंना फोनवर सांगितलं. "ताई, नमुना बदली टाका. कोणले सांगू नका." म्हटलं, चिठ्ठ्या मी लावल्या, मीच काढणार, आणि सगळ्यांसमोर. "मंग पुढला सालले दुसरं कोणी पाहू."

बरं म्हटलं. घाबरले नाही असं नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी कुठे जाणार? आणि भीती नोकरीची की रनाळ्याला परत जाऊन त्याच खोलीत बसायची, हेही नीट सांगता येत नाही.

शुक्रवार, ९ मे

बाजारात, मिठाच्या दुकानासमोर उभी राहिले. कागदावरून वाचलं, नाहीतर शब्द पळाले असते. कालीबाईच्या पाड्याच्या मालात पीठ नव्हतं. कैरीचाच स्टार्च होता. चूक माझी.

गिरधर म्हणाला, "म्हणजे मशीन खोटं, मॅडम?"

मशीन नाही, मी.

"मंग तुम्हालेच पट्टावर ठेवाले पाहिजे." सगळे हसले. मीही हसले. कालीबाई हसली नाही. पण जाताना टोपली ओट्यावर टेकवली, पाणी प्यायली. "डोकं बघ तुजं. झाडू झालाय."

अकराही पोती उचलली गेली.

शनिवार, १० मे

आज फार बरं वाटत होतं. त्या बरं वाटण्याचीच शंका आली, म्हणून गेल्या वर्षीची वही पुन्हा उघडली. जूनमध्ये चाचणी म्हणून सहा जणांची पोती पाहिली होती. पाच जणांचा माल उशिराच्या कैरीचा, स्वच्छ. सहावं लाल — गोवाल, डोंगरापलीकडचा. त्याला तोंडीच सांगितलं होतं. चेहरा आठवत नाही. यंदा तो आलाच नाही.

उद्या जाते. त्यालाही सांगायला हवं.

रविवार, ११ मे

जीपने, मग दीड तास चालत. गोवालने खाट टाकली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, त्याने ऐकून घेतलं. मग उठून घरामागच्या बांधावर घेऊन गेला.

चार बुंधे. आंब्याचे. तोडून वर्ष होत आलेले.

"आमी पीठ घातलं नव्हतं," तो म्हणाला. "मशीन बोल्लं, पीठ आहे. मग झाडातच असंल ना, बाई."