बेहड्याखालची रोपं

बाबा,

तुमच्या जुन्या बीटाला, तुम्ही राखायचात त्या हद्दीला, लागून असलेल्या जंगलातला एक बेहडा या एप्रिलात पडला. माझ्या सहीनं पडला. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं मला वाटलं नव्हतं. आईशी मी बोलते, भाजी फोडणीला टाकताना, मनातल्या मनात. तुमच्याशी नाही. तुम्ही होतात तेव्हाही आपलं बोलणं कामापुरतंच असायचं, आणि आजही काम निघालं म्हणूनच बसले आहे.

तुम्ही जंगल खात्यात नाकेदार, आताच्या भाषेत वनरक्षक. तोडायच्या झाडांची साल खरवडून बुंध्याशी सरकारी हातोड्याचा ठसा मारायचा, हे तुमचं थंडीतलं काम. म्हातारी, पोकळ, वाकडी झाडं आधी काढा म्हणजे सागाला जागा होईल, असा वरून हुकूम. मी नऊ-दहा वर्षांची असेन. तुम्ही कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं बुंधा ठोकता, आवाज भद्द येतो, मला वाटतं आता हातोडा बसणार. पण तुम्ही वर ढोलीकडे न बघता उकिडवे बसता आणि पालापाचोळा हातानं बाजूला सारता. खाली जांभळाची, चंदनाची, चारोळीची बोटभर रोपं, एकाच जागी दाटीनं उगवलेली. "वर पाहून काय दिसते? आधी खाली पाह्य," तुम्ही म्हणता. उन्हाळ्यात धनेश पक्ष्याची मादी ढोलीत शिरते, तोंड चिखलानं लिंपून घेते, नुसती फट ठेवते. नर बाहेरून फळं आणून भरवतो. तिनं टाकलेल्या बिया पावसाळ्यात खाली रुजतात. म्हणून थंडीत ढोली रिकामी असली तरी घर कोणाचं ते जमीन सांगते. अशा झाडाला तुम्ही ठसा मारत नव्हतात. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, आणि तुम्हाला कोणी सांगितलंही नव्हतं.

एकदा साहेब क्वार्टरवर आले. आई आत भाकरी थापत होती, तिचा हात थांबलेला मला आठवतो. पडवीतून आवाज आला, "सरकारचा पगार घेता अन् पाखरांची चाकरी करता काय?" तुम्ही "जी साहेब" एवढंच म्हणालात. ते गेल्यावर आत येऊन रोजच्यासारखे जेवायला बसलात, आंबाडीची भाजी दुसऱ्यांदा मागून घेतलीत. मला तुमचा तेव्हा राग आला होता. माझा बाप भित्रा आहे असंच मला वाटलं, आणि पुढे किती तरी वर्षं वाटत राहिलं. त्याच उन्हाळ्यात बदलीचा कागद आला.

मला मात्र तुम्ही एकदाच टोकलंत. मोहाच्या एका झाडाखाली बघून ये म्हणून पाठवलंत, मी नाल्यात खेळत बसले आणि येऊन सांगितलं, काही नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः जाऊन आलात. रागावला नाहीत, हेच जास्त लागलं. "न पाहता नाही म्हणाचं नाही वं. दिसलं नाही अन् नाहीच, हे दोन अलग गोष्टी आहेत." नंतर मी नागपूरला शिकले, प्राणिशास्त्र घेतलं, त्याच कॉलेजात शिकवायला लागले. सीताबर्डीवरून जुनी दुर्बीण घेऊन तुम्ही होस्टेलवर आला होतात, चहासुद्धा न घेता परत गेलात. लोक मला पक्ष्यांच्या बाई म्हणतात. जंगलतोडीआधी पक्ष्यांची पाहणी करायची असली की मला बोलावणं येतं. खोटं कशाला सांगू, मला ते आवडतं.

या जानेवारीत तसंच बोलावणं आलं. म्हाताऱ्या झाडांचा एक पट्टा तोडायचा होता, कागद मार्चच्या आत पुढे जायला हवे होते. बीटावर आता एक मुलगी वनरक्षक आहे, सव्वीस-सत्तावीसची, तुमच्यासारखीच भरभर चालणारी. ती पुढे, मी मागे. मी झाडावर नंबर पाहायची, दुर्बीण लावायची, ढोली रिकामी दिसली की फॉर्मवर खूण करायची. त्या बेहड्याशी ती थांबली. "मॅडम, खाली रोपटे दिसून राहिले. जांभूळ हाय, चंदन हाय." मी पाहिलं. दीड वाजून गेला होता, भूक लागली होती, गाडीवाला दोनदा फोन करून चुकला होता. मी म्हणाले, "असतात गं," आणि फॉर्मवर लिहिलं: वापरातील घरटी नाहीत. ती पुढच्या झाडाकडे निघाली. मी एवढी मोठी बाई, ती काय बोलणार?

काम लांबत एप्रिलवर गेलं. बेहडा पडला आणि ढोली फुटली. मी पोचले तेव्हा कटाईवाल्यांनी काम थांबवलं होतं. त्यांच्यातला एक म्हातारा टोपी हातात घेऊन उभा होता, जणू गुन्हा त्याचाच. "मॅडम, मादी आतच होती. पिसं झडली होती, उडनार कशी? दोन पिल्लं बी होते. आमाले मालूम असतं तं हात नसता लावला." नर तेव्हाही येत होता. चोचीत उंबर धरून आडव्या खोडावर बसायचा, ढोलीची जागा शोधायचा, उडून जायचा, परत यायचा. मी अर्धा तास पाहिलं आणि मग मला बघवेना.

त्या यादीत अजून अठ्ठावीस म्हातारी झाडं आहेत. पावसाळ्यानंतर ती जाणार होती. थांबवायला एकच वाट होती, माझा अहवाल चुकला असं मीच लेखी द्यायचं. घरात सगळे नको म्हणाले, बाकीचे अहवालही उकरून काढतील म्हणाले. तरी मी दिलं: पाहणी चुकीच्या ऋतूत केली, झाडाखालच्या खुणा माझ्या नजरेतून सुटल्या, उन्हाळ्यात पुन्हा पाहिल्याशिवाय एकही झाड तोडू नये. पोळा झाल्यावर सिव्हिल लाइन्समधल्या जंगल खात्याच्या ऑफिसात बैठक झाली. आताचे साहेब सज्जन होते. तोडीची घाई असलेले दोघे समोर बसले होते, माझं कुठं चुकतं याचीच वाट पाहत. साहेबांनी त्या मुलीला विचारलं, "तुम्ही तर सोबत होता. तुम्हाला काही दिसलं नाही?"

ती उभी राहिली. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. "नाही सर. मले नाही दिसलं."

साहेबांनी मान हलवली. तोड थांबली, उन्हाळ्यापर्यंत. आणि बीटावरच्या कर्मचाऱ्यानं निष्काळजीपणा केला म्हणून तिला मेमो निघाला.

जिन्यात मी तिला गाठलं. "काहून खोटं बोललीस?" कित्येक वर्षांनी तोंडात तुमची भाषा आली. ती म्हणाली, "खरं सांगतलं असतं तं ते म्हनाले असते, या बाईले सांगूनबी कळत नाही, हिचा अर्ज काहून ऐकाचा? तुमचा शब्द गेला तं झाडं जातीन, मॅडम. मेमोचं काय, येत रायते." आणि स्कूटी काढून गेली. मला तिच्यात तुम्ही दिसलात, पडवीत "जी साहेब" म्हणणारे. तुम्ही भित्रे नव्हता, बाबा. हे समजायला मला चाळीस वर्षं लागली, आणि समजलं ते अशा दिवशी.

झाडं उभी आहेत. तिचं म्हणणं बरोबरही असेल. मी रोज स्वतःला तेच सांगते, की आत्ता तोंड उघडलं तर अठ्ठावीस झाडांचं नुकसान होईल, उन्हाळा होऊ दे, मग साहेबांना खरं काय ते सांगू, मेमो रद्द करून घेऊ. हे पत्र लिहायला घेतलं तेव्हाही तुम्हाला असंच पटवून द्यायचं ठरवलं होतं. कुठं पाठवायचं नाही, कोणी वाचायचं नाही, मग इथं तरी कशाला सजवू? ती "मले नाही दिसलं" म्हणाली त्या क्षणी मला झाडं आठवली नाहीत. मला हायसं वाटलं.