लॉटरी लागली तर

माय,

गेल्या आठवड्यात आमच्या दुकानात दिवसभर लॉटरीचीच बोलणी चालली होती. कुठल्याशा राज्यात एका गवंड्याला मोठं बक्षीस लागल्याची बातमी सगळ्यांच्या मोबाइलवर आली होती, आणि अर्धं आदिलाबाद त्याच्या पैशांतून आपापले बेत आखत होतं. साखर घ्यायला आलेली एक बाई सुनेला वेगळं घर बांधून देणार होती, तेही पार दुसऱ्या गल्लीत. मी काट्यावर डाळ टाकत ऐकत होते, आणि डोळ्यांसमोर तामसीकडचं आपलं घर येत होतं. ओसरीवर ओल्या पोत्यावर मेथी आणि सांबार पसरलेला, कोथिंबिरीचा वास घरभर, आणि सकाळच्या बाजारासाठी जुड्या बांधत बसलेली तू.

आपल्या भागात लॉटरी मिळत नसे. मामा नदीपल्याडून आला की एखादं तिकीट आणायचा आणि सोडत होईपर्यंत आपला खेळ चालायचा. जुड्या बांधता बांधता एकेकानं सांगायचं, लॉटरी लागली तर काय करणार. तुझा नियम एकच होता. कुणी काहीही म्हणो, हसायचं नाही आणि ‘हे कसं होईल’ असं विचारायचं नाही. बाबा दरवेळी दात बसवून घ्यायचे. तू बसमधल्या दोन सीटा विकत घ्यायचीस, कायमच्या. “एक मले, एक माह्या टोपल्याले. कंडक्टरनं काई म्हणूनच नाई पायजे.” हे तू इतक्या गंभीरपणे सांगायचीस की नियम पाळणं अवघड व्हायचं. तिकीट कधीच लागलं नाही, आणि त्याचं कुणाला वाईट वाटल्याचंही आठवत नाही.

त्या वर्षी मामा तिकीट घेऊन आला तेव्हा माझं साक्षगंध होऊन गेलं होतं. मुलाचं घर कापसाचं, खाऊनपिऊन सुखी, सोयरीक बाबांनी स्वतः जुळवलेली. मी त्याला एकदाच पाहिलं होतं, तेही खाली मान घालून. खेळात माझी पाळी आली. मी मेथीची मुळं झटकत म्हणाले, “मी त्यायची साडी अन् अंगठी वापस पाठवून देईन.”

कुणी हसलं नाही. नियमच होता. मामा उठून पाणी प्यायला गेला, बाबा माझ्याकडे बघत राहिले आणि तू हातातली जुडी बांधून पूर्ण केलीस. सकाळी चुलीपाशी मात्र तू विचारलंस की ते खेळातलं होतं का खरं. मी खरं म्हणाले.

“काऊन? पोरगा वाईट हाये का?”

“तसं नाई. पण त्या घराचं नाव घेतलं का माहा जीव दबून राह्यला.”

दुसरी कुठली माय असती तर तिनं मला समजावलं असतं. तू भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, “मंग आत्ताच जातो मी. उशीर झाला तर त्यायचंच नुकसान हाये.” त्या दिवशी तू बाजाराला गेली नाहीस. टोपल्यात साडी आणि अंगठी ठेवलीस, वर फडकं टाकलंस आणि उलट्या दिशेची बस धरलीस. परत आलीस तेव्हा टोपलं रिकामं होतं. तिथं काय झालं ते तू कधीच सांगितलं नाहीस. मी विचारलं की म्हणायचीस, “झालं ते झालं, भाजी खुड.”

बाबांना चार लोकांत मान खाली घालावी लागली. कापूस वेचून संपेपर्यंत ते तुझ्याशी बोलले नाहीत. भाकरी मी नेऊन द्यायची. तू ते निमूट सोसलंस, माझ्याकडे एकदाही बोट केलं नाहीस. मग एका दुपारी ते आपणहून ओसरीवर येऊन बसले, सांबाराची जुडी बांधायला घेतली आणि मामानं यंदा तिकीट आणलं का, असं विचारलं. त्यानंतर मी तुझ्याबरोबर मार्केटात बसायला लागले. तेलुगूत भाव करायला तिथंच शिकले, आणि ह्यांची गाठही तिथलीच, समोरच्या किराणा दुकानातली.

तर गेल्या आठवड्यात त्या गिऱ्हाइकांच्या गर्दीत एक माणूस मागं उभा होता. पांढरे केस, हातात दवाखान्याची पिशवी. गर्दी पांगल्यावर तो पुढं आला, बिस्किटाचा पुडा मागितला आणि म्हणाला, “तुमी डिट्टो मायसारख्या दिसता. त्या साडी वापस घेऊन आल्या होत्या ना, तो पोरगा मीच.”

मी पुडा काढून काउंटरवर ठेवला. तो सावकाश सांगत राहिला. तू त्यांच्या अंगणात उभी राहून लॉटरीच्या खेळाची गोष्ट जशीच्या तशी सांगितलीस. त्याची आई फार बोलली, तू ऐकून घेतलंस. मग तो तुला सायकलवर बसस्टँडला सोडायला आला. ऊन होतं, बस येईपर्यंत तो तिथंच थांबला.

“तुमची माय म्हणे, बाबू, तुह्यात खोट नाई, हे ध्यानात ठेव,” तो म्हणाला. “मीनं त्यायले म्हटलं, पोरीवर रागावू नका. बरं झालं तिनं आधीच सांगतलं.”

बायको दवाखान्यात वाट बघत होती, म्हणून तो गेला. जाताना बिस्किटाचे पैसे मी घेईना, तर काउंटरवर ठेवून गेला.

इतकी वर्षं तू हे पोटात ठेवलंस. तेव्हा हे कळलं असतं तर मला तुझा राग आला असता, आता कळतं तू का बोलली नाहीस. माझा संसार चांगला झाला, हे तू डोळ्यांनी बघून गेलीस. पण त्या दिवशी घरी येऊन तू सांगितलं असतंस, की तो उन्हात तुझ्यासोबत थांबला आणि माझी बाजू घेऊन बोलला, तर मी त्याच संध्याकाळी लग्नाला हो म्हटलं असतं.

हे पत्र मी जपून ठेवणार नाही. पोरं तेलुगूत शिकली, पण ह्यांना मराठी वाचता येतं.