टॅनर्स लेनचा पावाचा दगड

३ मार्च
आलो एकदाचे! एडिनबरातल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटनंतर हे घर म्हणजे चैनच. मागे परसदार, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन. ऑल्डरबोर्न इतकं लहान की हाय स्ट्रीट सात मिनिटांत चालून संपतो. तरी गावात एकेचाळीस स्मृतिफलक आणि जुने दगड आहेत, आणि त्यांची देखभाल आता माझ्याकडे. कौन्सिलच्या कार्डावर ‘हेरिटेज ऑफिसर’ छापलंय. लगेच आईला फोटो पाठवला. नवरोबांचं, म्हणजे डॉक्टर अपूर्वचं, हॉस्पिटल गाडीने अर्ध्या तासावर. शेजारच्या मिसेस पेल, वय ब्याऐंशी, केक घेऊन आल्या. मी पोहे दिले. आवडले म्हणाल्या, पण डोळ्यांतून पाणी काढत.

७ मार्च
आमच्याच गल्लीच्या, टॅनर्स लेनच्या, तोंडाशी एक बुटका दगड आहे, वर वाडग्याएवढा खळगा. फलकावर लिहिलंय की १६६५च्या प्लेगमध्ये थॉर्न कुटुंबाने स्वतःला घरात कोंडून घेतलं आणि गाव वाचवलं. गावकरी त्यांच्यासाठी या दगडावर पाव ठेवत. गंमत म्हणजे अजूनही ठेवतात! रोज सकाळी गल्लीतलं कोणीतरी. थॉर्नांचं घर आमच्याच घराच्या जागी होतं, असं मिसेस पेल म्हणाल्या.

१२ मार्च
दगडाला बुरशी लागलीय, उंदीर येतात. म्हणून वर जाड प्लॅस्टिकचं झाकण बसवून घेतलं, चार बोल्ट लावून. गल्लीतली माणसं दारात उभी राहून बघत होती. फक्त मिसेस पेलनी विचारलं, मग त्यांनी जेवायचं कुठे? मी हसले.

१५ मार्च
सकाळी ब्रेडची पिशवी रिकामी. अपूर्वने खाल्ला म्हणे, बारा स्लाइस, उभ्याउभ्याच. वॉर्डात जेवायला वेळ मिळाला नव्हता. दुपारी पुन्हा भात लावला. कुकर संपवला त्याने. मला उगाच अस्वस्थ वाटतंय.

१८ मार्च
चर्चच्या जुन्या वहीत थॉर्नांची नोंद सापडली. फलक खोटं बोलतो. घरात कोणीच आजारी नव्हतं. गावाने संशयावरून दारावर फळ्या ठोकल्या. नऊ दिवस पाव दिला, मग तोही बंद केला. पुढे पाद्र्याने लिहिलंय की आतून एकवीस दिवस ठोकल्याचा आवाज येत होता आणि लोकांनी पडदे ओढून घेतले. पाच माणसं. धाकटी चार वर्षांची.
घरी आले तर अपूर्व कच्ची कणीक खात होता.

२० मार्च
एवढं खाऊन त्याचं वजन पाच किलो उतरलंय. रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. त्याला विचारलं, नक्की काय होतंय? रडायला लागला. म्हणाला, “चैत्राली, भूक माझी नाहीये गं.”
आज ऐन दुपारी स्वयंपाकघराच्या भिंतीतून टकटक. मी कान लावला. आवाज खाली होता, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर.

२१ मार्च
स्पॅनर घेऊन गेले, झाकण स्वतःच्या हाताने काढलं. पाव ठेवला, डाळभात ठेवला, हात जोडले. दिवसभर कोणी शिवलं नाही, पक्षीसुद्धा नाही. मिसेस पेलचे हात धरले, काय करू सांगा म्हटलं. त्या म्हणाल्या, आता काही उपयोग नाही, त्यांना तुझं स्वयंपाकघर सापडलंय.
अपूर्वला लीड्सला न्यायचं, आईकडे. उद्याच.

२२ मार्च
बॅग भरून खाली आले. दार उघडेना. बाहेर हातोडे. लेटरबॉक्समधून पाहिलं – सगळी गल्ली. मिसेस पेल खिळे पुरवत होत्या. सॉरी, डिअर, ही भूक गल्लीत येऊ द्यायची नाही, म्हणाल्या. खरंच रडत होत्या.
मागचं दारही –

२३ मार्च
मी वरच्या खोलीत, आतून कडी लावून. अपूर्व खालीच. फोन खाली राहिला. खिडकीची काच फोडली, चौकट अरुंद, अंग जात नाही. ओरडले. समोरच्यांनी पडदे ओढले.
खाली चावण्याचे आवाज. एका माणसाचे नाहीत.
फ्रिज संपला असणार.

बहुतेक २४
जिन्यावर पावलं. पाच-सहा जणांची. लहान पावलंही. दाराबाहेर थांबली.
अपूर्वचा आवाज – “चैत्रा, दार उघड. आम्हाला भूक लागलीय.”
आम्हाला.
कडी हातात धरली होती मी. उघडणारच होते, तोच आहे ना शेवटी – तेवढ्यात त्याचाच आवाज, अगदी खालून, दाराच्या फटीतून. धाप लागलेला. “उघडू नकोस. मी पाठ लावून बसलोय दाराला. जमेल तेवढं धरतो.”

अजून ऊन आहे. तो धरून आहे. मी आतून पाठ लावलीय, मध्ये फक्त फळी. त्याचा श्वास कळतो. त्याला म्हटलं, मी आहे. तो हो म्हणाला.
त्याच्यावर काहीतरी –
ओरडत नाहीये तो. मला कळू नये म्हणून ओरडत नाहीये –

श्वास थांबला. दार ढकल