थोरलीचा हलका हात

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. छाटणी कशी चाललीय असं विचारलंस, तर आधी तेच सांगते. भिंतीलगतच्या सहाही नासपतींना यंदा बेफाम फुटवे आलेत. तारांवर आडव्या बसवलेल्या फांद्यांमधून सरळ आभाळाकडे पळतात. प्रत्येक फुटव्याच्या बुडाशी पानांचा झुबका ठेवायचा, त्यावर तीन पानं, आणि पुढचं उडवायचं. फांदीच्या टोकाचा कोंब मात्र कापायचा नाही. कोवळा आहे तोवर तिरका वाकवून सुतळीनं बांधायचा. एकदा त्याचं लाकूड झालं की तो वाकत नाही, मोडतो.

तुला हे मी काय सांगणार? बाबांनी शिकवलं ते तुलाच. मी शिडी धरायची आणि छाटलेलं गोळा करायचं. तू लग्न करून गेलीस तेव्हा वाटलं, आता कात्री माझ्या हातात येईल. आली. पण सोळा वर्षं बाबा माझ्यामागे खुर्ची टाकून बसले आणि दर दोन कापांनंतर म्हणत राहिले, "थोरलीचा हात हलका होता." त्यांचे पाय मी चेपले, अंथरुणं मी धुतली, हात तुझाच हलका.

गेल्या महिन्यात ते न्हाणीघरात पडले. कंबर मोडली, मग छातीत कफ भरला. डॉक्टर म्हणाले, जवळच्यांना बोलावून घ्या. बाबा रोज विचारायचे, "थोरलीला फोन केलास?" मी म्हणायचे, केला. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "मग काय म्हणाली?" मी सांगितलं, "सवड नाही म्हणाली." त्यांनी दाराकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "कामात असेल." पुढचे सात दिवस दाराकडे तोंड करूनच पडून होते. पाठीला जखमा होतील म्हणून एकदा मी कूस बदलून दिली, तर लहान मुलासारखे रडले.

फोन मी केलाच नव्हता.

तू लिहिलंयस, 'बाबांना सांग, महिनाअखेर येतेय, चांगली आठ दिवस राहीन.' त्यांना जाऊन आज एकोणीस दिवस झाले. तुला कळवलंय असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. मी गप्प बसले असते, तर दोष नशिबावर ढकलून तू रडून मोकळी झाली असतीस. तसं होऊ नये म्हणून लिहितेय. बाबा गेले ते थोरलीला आपल्यासाठी सवड नव्हती असं समजून. आता ते तुलाही खोडून काढता येणार नाही आणि मलाही.

तुझीच,
पाठची बहीण