मफलर बंद करायचा राहिलाय

घाटकोपर, रविवार

क्षमाताई,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (पाकिटावर तुझ्या नावामागे गं. भा. लिहायला माझा हात तयार नाही, म्हणून नुसतंच नाव घातलंय. पोस्टमनला चालेल.) गुडघा कसा आहे? बीपीची गोळी घेतेस ना? आणि जेवतेस का, की चहात बटर बुडवून दोन्ही वेळचं भागवतेस? शेजारची जानकी सांगते की भावोजी गेल्यापासून तू फाटकाबाहेर पाऊल टाकलेलं नाहीस, दूध-भाजीसुद्धा तीच आणून देते. मी फोन केला की ‘बरी आहे, ठेवते’ म्हणून ठेवतेस. म्हणून पत्र. आधीच सांगते, मुंबईला ये असं मी या पत्रात म्हणणार नाही. सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

माझं विचारशील तर माझी वाट लागली आहे आणि ती तुझ्यामुळे. रिटायर झाल्यापासून मला एका जागी बसवत नाही. हात गुंतवायला म्हणून मफलर विणायला घेतला (मुंबईत मफलर कोण घालणार, हे विचारू नकोस, सूनबाईंचं, दीप्तीचं, विचारून झालंय). सुलट-उलट करत गळ्याला दोन वेढे बसतील एवढा झाला आणि मग डोक्यात प्रकाश पडला की आता बंद कसा करायचा, शेवटचे टाके न उसवता सुईवरून उतरवायचे कसे? लहानपणापासून मी विणायचे आणि शेवटची ओळ आली की तू सुया ओढून घ्यायचीस. ‘सुलू, तू सैल सोडतेस, दे इकडे.’ मग काय, विणतच राहिले. मफलर पलंगावरून उतरून कपाटापर्यंत पोचलाय. त्यात दीप्ती घरून काम करते आणि तिच्या मीटिंगमध्ये सुयांचा टकटक आवाज जातो म्हणे. बंगलोरच्या साहेबाने विचारलं, तुमच्याकडे सुतारकाम चाललंय का? तेव्हा म्हटलं, चला, वाचनालयात. पंखा असतो, आणि विणकामाचं पुस्तक कुठेतरी असेलच.

पहिलं आमच्या मागच्या गल्लीतलं. तिथल्या बाई म्हणाल्या, नुसतं बसायचं नाही, वाचायला पाहिजे. म्हणून हाताला लागलं ते जाडजूड पुस्तक मांडीवर उघडं ठेवून विणायला लागले. ते निघालं मूळव्याधीवरचं. समोरचे दशरथकाका (रोज सगळे पेपर वाचून सगळ्यांवर चिडणारे) हळूच शेजारी येऊन बसले आणि आपली तक्रार पहिल्यापासून सांगू लागले. मी मान डोलावत राहिले, तोवर लोकरीचा गुंडा त्यांच्या पायात फिरून आला. काका समाधानाने उठून निघाले आणि त्यांच्या मागून माझा मफलर जिन्यापर्यंत गेला. बाईंनी दोघांनाही उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. काका बिचारे अजून रस्त्यात भेटले की पथ्य विचारतात.

दुसरं मुलुंडला. तिथे पुस्तक मिळालं गं! टाके घालणे होतं, वाढवणे होतं, घटवणे होतं, आणि बंद करणे ज्या पानावर होतं ते पान कुणीतरी व्यवस्थित कात्रीने कापून नेलेलं. ज्या बाईने नेलं तिचा स्वेटर कधीच अंगात बसू नये.

मग पार्ले. मेट्रोच्या तपासणीत पिशवीतून सुया निघाल्या, मग मफलर निघाला, तो निघतच राहिला. मागे रांग. तपासणीवाली पोरगी म्हणाली, ‘आंटी, ये खतम कहाँ होता है?’ मी म्हटलं, वही ढूंढने जा रही हूँ. पार्ल्याच्या त्या छोट्या वाचनालयातल्या पद्मजाबाई इतक्या चांगल्या की मला पाणी दिलं, विणकाम उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाल्या, द्या इकडे, पाच मिनिटांत बंद करून देते. आणि ताई, मला काय झालं कोण जाणे, मी त्यांच्या हातातून मफलर हिसकावला, पिशवीत कोंबला आणि पाणी अर्धं टाकून बाहेर पडले. (बाईंची नखं मोठी होती. लोकर अडकली असती.) रिक्षात बसले तर डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. रिक्षावाला म्हणाला, ‘मावशी, काय हरवलं काय?’

असो. परवा बोरिवलीला जाऊन बघते. गोळी विसरू नकोस.

तुझी,
सुलू

ता. क. पत्र पाकिटात घालणार तोच दीप्तीने मोबाईलवर व्हिडिओ लावून दिला. मफलर कसा बंद करायचा ते एक मुलगी दाखवते. दोन टाके विणायचे, पहिला दुसऱ्यावरून उतरवायचा, की झालं. म्हणजे बोरिवलीला जायचं कारण उरलं नाही.

दुसरा ता. क. व्हिडिओची गरज नव्हती. मला मफलर बंद करता येतो, ताई. शाळेत असल्यापासून येतो. तू सुया ओढून घ्यायचीस, माझ्याकडे बघून डोकं हलवायचीस आणि शेवटची ओळ होईपर्यंत माझ्याजवळ बसायचीस, म्हणून मी कधी बोलले नाही. मफलर सुयांवरच ठेवलाय. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.

तिसरा ता. क. ये म्हणणार नाही, असं मी पत्रात लिहिलं होतं. पत्र वर सहीपाशी संपलं. ये गो.