मारोतरावांच्या घरची मुलाखत

६ फेब्रुवारी १९७८, सोमवार

आजपासून रोजनिशी. पाचला उठायचे ठरले होते. नागपूरला मामांकडे राहतो, त्यांच्या घोरण्यामुळे साडेआठ वाजले. उद्यापासून पाच.

परिस्थिती अशी. मुंबईच्या एका संस्थेचा, पोस्टाने शिकवतात तो, मटेरियल्स मॅनेजमेंटचा डिप्लोमा मला मिळाल्यातच जमा आहे. फक्त सहा आठवडे एखाद्या कारखान्याच्या स्टोअर्समध्ये ट्रेनिंग घ्यायचे. ते एक एप्रिलपर्यंत सुरू झाले पाहिजे, नाही तर डिप्लोमा नाही. आणि डिप्लोमा नाही तर मी काटोलकडे, गावी. आमचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीने शेतात राबणारा गडी, पाडव्याला सोडून चालला आहे. बाबांनी कळवले की नवा पाहून नाही राहिलो, तू हायेसच. बी.कॉम. झालेल्या माणसाने बैल हाकायचे! शिसारी आली.

पण तशी वेळ यायची नाही. हिंगणा रोडला एवढे कारखाने पडले आहेत. याच आठवड्यात काम होईल.

१३ फेब्रुवारी

अर्जांना उत्तर नाही. विचार चालू असणार. एवढा शिकलेला मुलगा नेमका कुठे बसवावा, हा त्यांच्यापुढे प्रश्न असेल.

स्वतःच गेलो. बसमध्ये शेजारचा माणूस संत्री सोलत होता आणि बिया माझ्या बुटाकडे थुंकत होता. पंपांच्या कारखान्याच्या गेटवर चौकीदाराने माझी फाइल मागितली. वाटले, आत नेतो आहे. तो त्याच फाइलीने वारा घेत बसला. साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणे. केव्हा सुटतील विचारले तर म्हणाला, काही सांगता येत नाही, परसोंपासून मीटिंगच चालू आहे.

मॅनेजमेंट एवढे बिझी आहे म्हणजे कंपनी चांगली. हीच धरायची.

२१ फेब्रुवारी

वामनरावमामा कोराडीच्या वीजकेंद्रात टाइमकीपर आहेत. त्यांनी न विचारता तिथे माझ्यासाठी शब्द टाकला. कोळशाच्या वॅगनी उतरवतात तिथे बसून काम शिकायला मिळेल म्हणाले. मी स्पष्ट नाही सांगितले. माझे सगळे शर्ट पांढरे आहेत. मामा म्हणाले, पोट्ट्या, आम्ही इतके वर्षं राख खाऊनच राहिलो, मेलो का? मेले नाहीत हे खरे. पण जेवायला बसताना धोतर झटकतात आणि माझ्या वरणावर थर येतो, त्याचे काय?

मामी नुसते वाढत राहिली. तिचे न बोलणे मला अजिबात आवडत नाही.

२ मार्च

डिप्लोमाचे पुस्तक तिसऱ्या प्रकरणापर्यंत वाचून झाले. पुढची प्रकरणे म्हणजे त्याचाच विस्तार दिसतो, त्यामुळे वाचण्याची गरज नाही.

तिसरे प्रकरण मात्र अप्रतिम. माल साठवून ठेवणे हाच उद्योगाचा शत्रू. घरात पाहिले तर मामी वर्षाची तुरीची डाळ भरायला निघालेली. तिला डेड स्टॉक, म्हणजे नुसता पडून राहणारा माल, समजावून सांगितला. प्रेमिलामामी म्हणाली, काहून गा, पावसाळ्यात काय तुह्या पुस्तकाचं वरण करू? अडाणीपणाची किळस येते. पण बोललो नाही. मोठेपणा म्हणून.

११ मार्च, शनिवार

कळलेच होते! माझा अर्ज पोचला. पंपांच्या कारखान्याचे स्टोअर मॅनेजर मारोतराव हे आमच्याच समाजाचे निघाले. उद्या त्यांनी मला महाल भागातल्या त्यांच्या घरी बोलावले आहे. मामांनीच जमवले असे मामा म्हणतात. म्हणोत.

मोठ्या पदाची माणसे मुलाखत घरी घेतात. ऑफिसात माणूस खरा कळत नाही. मामांनी ताकीद दिली आहे, नवा शर्ट घालजो, अन् कमी बोलजो. मुलाखतीत कमी बोलायचे! यांना जगाची काही कल्पनाच नाही. रात्री आरशासमोर तयारी केली. उत्तरे इतकी चांगली आली की दोनदा दिली.

१२ मार्च, रविवार, संध्याकाळ

मुलाखत उत्तम! आधी कटकटी लिहून टाकतो. मामीही आली. नवे लुगडे, हातात नारळ. मुलाखतीला नारळ! शरमेने मान खाली घालून चाललो. महालातली गल्ली एवढी अरुंद की समोरून रिक्षा आली तेव्हा मी एका शिंप्याच्या दुकानात शिरलो. त्याने माप घ्यायला टेप काढली.

मारोतराव जाड, शांत. शेजारी पत्नी कुसुमताई. चौकशी फार बारकाईने. शेती किती, त्यातली ओलिताची किती, भाऊ किती, चष्म्याचा नंबर काय, तंबाखू खाता का, जन्म दिवसाचा की रात्रीचा. जन्माच्या वेळेचे आधी नवल वाटले. मग ध्यानात आले, कारखान्यात पाळ्या असतात. कोणता माणूस कोणत्या पाळीला तरतरीत राहील, तेही पाहत असतील. याला म्हणतात पर्सोनेल पॉलिसी.

मग एक मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली. मुलगी शामला, बी.ए. करून राहिली, असे कुसुमताई म्हणाल्या. ती खुर्चीवर बसली. मारोतराव मला म्हणाले, काही विचारायचं असल्यास विचारा, मोकळेपणानं विचारा.

उमेदवाराला प्रश्न विचारू देणारी कंपनी नागपुरात दुसरी नसेल. मी विचारले, स्टॉक किती दिवसांचा ठेवता? सगळे त्या मुलीकडे पाहू लागले. शेवटी तीच म्हणाली, आमच्याकडे वर्षाचं भरतेत. मी म्हटले, चूक! मामांनी माझ्या पायावर पाय दिला. जागा अडचणीची होती.

मग घर पाहायला नेले. मामीच म्हणाली, घर पाहून घे. कोठीच्या खोलीत डाळीचे डबे, गहू, लाल मिरच्या, चिंच, कुरडया. माझ्या डोळ्यांसमोर तिसरे प्रकरण उभे राहिले. झाकणे काढून एकेका डब्यातला माल मी पाहिला. मागच्या वर्षीची चिंच नव्या चिंचेखाली दबलेली दाखवून दिली. जुना माल आधी निघाला पाहिजे, हे तत्त्व कुसुमताईंना सांगितले. शामला दाराशी उभी होती. तिने विचारले, लोणचं मुरवायचं असलं तं? प्रश्न चांगला होता. मी म्हटले, तो अपवाद. ती हसली. ट्रेनिंगनंतर काय करणार, हेही तिनेच विचारले. मी म्हटले, मुंबई.

इतके ठोस काम पहिल्याच भेटीत कोणी करून दाखवले नसेल. येताना मामा रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत. प्रभाव पडला.

१६ मार्च

मामा म्हणाले, आपला होकार कळवून टाकला, आता त्यांच्यावर आहे. न विचारता होकार! मी आधी थोडे ताणणार होतो. मामीने पत्रिकाही पाठवली म्हणे. वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला चालला असता. पण या लोकांना कागद कळत नाहीत.

२५ मार्च, धुळवड

नवा शर्ट गेला. सक्करदऱ्याच्या तलावाकडे फिरायला गेलो आणि कोणी तरी मागून ऑइलपेंट लावला. लावणारा ओळखीचाही नव्हता. या गावात सुशिक्षित माणसाने राहू नये.

कंपनीकडून काही नाही. वरच्या लेव्हलला गेले असणार.

३० मार्च

बाबांचे कार्ड. पाडवा पुढच्या शनिवारी आहे, काय ते सांग, नाही तं ये. बैलांची नावेही लिहिली आहेत, ओळख राहावी म्हणून.

मामी आज माझ्याकडे पाहून उसासा टाकत होती. विचारले तर म्हणाली, जाऊ दे गा, तुह्यात काही खोट नाही, तू फक्त बोलतोस. काय बोलणे हे? घड्याळात काही खोट नाही, ते फक्त चालते म्हणण्यासारखे.

मला भीती वाटते, असे नाही. पण वाटते.

३१ मार्च, शुक्रवार

सिलेक्टेड!!! मारोतरावांचा निरोप. उद्या आठला स्टोअरात लाग. शेवटच्या दिवशी, पण लागलो! मी मामांना म्हटले, पाहिले का, मुलाखतीत बोलावे लागते. मामा म्हणाले, हो बाप्पा. मामीने गोड केले नाही. मत्सर घरातूनच सुरू होतो.

१ एप्रिल, शनिवार

चौकीदाराने सलाम केला. इथपर्यंत सगळे ठीक होते.

मारोतरावांनी समोर बसवले, चहा मागवला, आणि म्हणाले, मनाले लावून घेऊ नको बाबू. मी विचारले, काय? ते म्हणाले, आमच्या शामलानं नाही म्हटलं ते. मी विचारले, कशाला नाही? मारोतरावांनी चहाचा कप खाली ठेवला. मग त्यांनी दार लावून घेतले.

मला मुलगी दाखवली होती. मामांना, मामीला, कुसुमताईंना, बहुधा त्या शिंप्यालाही माहीत होते. मलाच नव्हते. आधी सांगितले असते तर पोट्टा आला नसता, आणि आला असता तर आणखी बोलला असता, असे मामा मारोतरावांना म्हणाले म्हणे. सोयरीक जमली की ट्रेनिंग आपोआप होईल, असा मामांचा हिशोब होता.

शामला घरी म्हणाली की त्यानं माझ्याकडे एकदाही पाह्यलं नाही, सारे डबे मात्र पाह्यले. घरात नको, पण बाबा, त्याले स्टोअरात ठेवा, त्याचा तिथं जीव रमंल. म्हणून मी इथे. माझा अर्ज मारोतरावांनी पाहिलेलाच नव्हता.

आत्तापर्यंत मला बसची, राखेची, रंगाची किळस आली. आज जी आली ती कुठे झटकावी समजेना, कारण ती माझीच होती.

दुपारी त्यांनी आग्रहाने स्वतःच्या डब्यातली वांग्याची भाजी वाढली. शामलानं केली म्हणाले. चांगली होती. हे लिहायला नको होते.

संध्याकाळी पहिले काम मिळाले. उद्या उमरेडचा मुलगा शामलाला पाहायला येतो आहे, घरी खुर्च्या कमी पडतात. स्टोअरातल्या चार खुर्च्या रिक्षावर घालून महालात पोचवायच्या. गेटपास मलाच लिहायला सांगितला. त्यात 'कशासाठी' असा रकाना आहे. तिथे 'पाहुण्यांसाठी' लिहिले, खाली सही केली आणि खुर्च्या पुसायला घेतल्या.