एकतीस पाकिटं

प्रिय ओरिन,

तू चौदा मतांनी पुढे आहेस आणि एकतीस पाकिटं फोडायची राहिली आहेत. परवा रात्रीपासून हे दोन आकडे घेऊन मी घरभर फिरते आहे. ज्यांचे पत्ते किंवा ओळखपत्रं जुळली नाहीत त्यांची मतं त्या पाकिटांत बंद आहेत. उद्या, शुक्रवारी दुपारी बाराला, जिल्हा कचेरीत ती उघडतील आणि राज्याच्या सिनेटची तुमच्या पक्षाची उमेदवारी तुझ्याकडे राहते की तू घरी येतोस ते ठरेल. काल मी मक्याच्या ब्रेडमध्ये मीठ दोनदा घातलं, आणि अर्धा ब्रेड खाऊन झाल्यावर ते कळलं.

सहा वर्षांनी बहिणीचं पत्र आलं आणि तेही मतांच्या हिशेबानं सुरू होतंय, असं तू म्हणशील. म्हण.

डिसेंबरात तू सभागृहात उभा राहिलास तेव्हा मी ओट्यावर कॉम्प्युटर मांडून बघत होते. मतदारसंघांचे नकाशे दहा वर्षं पुरी होण्याआधीच पुन्हा आखायचे, म्हणजे तुमच्या पक्षाला वॉशिंग्टनमध्ये दोन जागा जास्त मिळतील, हे वर ठरलं होतं. तुम्ही फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. तुझ्या आधीचे चौघे ‘हो’ म्हणाले, माझ्याकडे न बघता म्हणाले असं मला उगाच वाटलं. मग तू म्हणालास, ‘पेरणी झाल्यावर आमच्याकडे कुणी बांध सरकवत नाही. माझं मत विरोधात.’ आणि खाली बसलास. मी ओट्यावर हात आपटला. कप खाली गेला. बाबा असते तर एवढंच म्हणाले असते, पोरगा बोलला एकदाचा.

कारण गावची शाळा बंद करायच्या वेळी तू बोलला नव्हतास. ते मी विसरलेले नाही, आणि तूही नसशील. याच ओट्यापाशी उभा राहून तू म्हणाला होतास, ‘नडीन, वरून फोन आला, मी काय करू?’ मी म्हणाले होते, ‘खाली ठेव. फोनला तेवढं जमतं.’ तू ठेवला नाहीस, सांगितलं तसं मत दिलंस. शाळा बंद झाली, बावीस वर्षं जिथे मी शिजवलं ते स्वयंपाकघर बंद झालं, मुलं चाळीस मिनिटं बसमध्ये बसून दुसऱ्या गावाला जायला लागली. तेव्हापासून चर्चमध्ये मी पाचव्या बाकावर बसते आणि तू अकराव्या.

मग हे वर्ष आलं. तुमच्या पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरीत तुझ्याविरुद्ध कोल्बी रॅन्सम उभा राहिला, म्हणजे वरच्यांनी उभा केला. रोज टपालपेटीत गुळगुळीत कागदावर तुझा चेहरा यायचा, राखाडी केलेला, मेलेल्या माशासारखा. टीव्हीवर हवामानाच्या बातम्यांच्या आधी तू गद्दार, नंतरही तू गद्दार. नवऱ्याचा राग बायकोवर म्हणून डार्लाच्या पार्लरमधल्या बायका एकेक करून वेळा रद्द करायला लागल्या ते मला कळत होतं. धान्यकोठीवाल्या रोलंडनं तुझ्या प्रचाराची पाटी काढली. त्यालाही फोन आला होता. त्यानंतर दुकानात मी दिसले की तो कुत्र्याच्या खाण्याच्या मांडण्यांआड शिरायचा. त्याच्याकडे कुत्रा नाही.

दोन तरुण माझ्याही दारात आले. शर्टावर रॅन्समचं नाव आणि पायात एकदाही चिखल न लागलेले बूट. ‘मॅडम, ओरिन स्टाउफरनं तुमचा विश्वासघात केलाय, तुम्हाला कल्पना आहे का?’ मी म्हणाले, ‘आहे की. त्र्याहत्तर साली माझ्या गोट्यांचा डबा त्यानं शेजारच्या पोराला विकला. त्यासाठीच आलात ना?’ एकानं हातातल्या फोनवर यादी पुन्हा बघितली. दुसरा हसायला लागला. ते तीन राज्यं ओलांडून आले होते, आपल्या जिल्ह्याचं नाव त्यांना धड म्हणता येत नव्हतं. मी त्यांना हॅमचं सँडविच दिलं. भूक पक्षाची नसते.

आमच्या पक्षाचंही सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की आम्ही सगळे धुतल्या तांदळाचे. आमचा जिल्हाध्यक्ष वेंडेल हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलत मला म्हणाला, ‘रॅन्समच येऊ दे. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत तो आपल्याला सोपा जाईल. तुझा भाऊ सोपा नाही.’ मग तो हळूच म्हणाला, ‘नडीन, जिल्हा परिषदेची पुढची उमेदवारी तुझी, हे ठरलंय. फक्त यंदा कुणी भावनेच्या भरात पलीकडे जाऊ नका. गेला त्याला माझी सही मिळणार नाही.’ तुला नियम ठाऊक आहे. पक्षाच्या मागच्या दोन्ही प्रायमरीत ज्यानं पक्षाचीच मतपत्रिका घेतली तोच उमेदवार, नाहीतर अध्यक्षाची सही हवी. शाळेच्या बसचे रस्ते परिषद ठरवते. म्हणून ती जागा मला हवी होती. तीन वर्षं मी तिच्यासाठी दारोदार फिरले आहे.

मंगळवारी पहाटे पाचपासून मी फायर स्टेशनमधल्या मतदान केंद्रात टेबलाशी होते, आमच्या पक्षाकडून. शेजारी तुमच्याकडून अर्डिथ क्रुगर, तिचं विणकाम आणि तिची आंबटगोड रुबार्ब पेस्ट्री. आपल्याकडे माणसानं टेबलासमोर उभं राहून दोनपैकी कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी ते तोंडानं सांगावं लागतं. वीस वर्षं मी ते ऐकते आहे, पण परवा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं. सात वाजता बस चालवणारा लाइल आला. जन्मापासून आमचा. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग छताकडे बघितलं, आणि डॉक्टरला दुखणं सांगावं तसं तुमच्या पक्षाचं नाव घेतलं. अर्डिथ म्हणाली, ‘लाइल, तब्येत बरी आहे ना?’ तो म्हणाला, ‘गुडघा सोडून.’ त्याच्यामागून शाळेतली मिसेस टॅनर. मग ते दोघे भाऊ, ज्यांनी गेल्या वेळी तुझी पाटी ट्रॅक्टरखाली घातली होती. दुपारपर्यंत अकरा झाले. प्रत्येक जण माझ्यासमोर यायचा आणि अर्डिथकडे सरकायचा. मी तोंड गंभीर ठेवलं होतं, टेबलाखाली मात्र माझा पाय थांबत नव्हता. अर्डिथ कुजबुजली, ‘अगं, तुमच्याकडे कुणी उरलंय का?’

साडेपाचला, केंद्र बंद व्हायला अर्धा तास असताना, मी उठले आणि टेबलाला वळसा घालून समोर जाऊन उभी राहिले. अर्डिथला वाटलं मला कॉफी हवी. मी माझं नाव सांगितलं, पत्ता सांगितला, जो तिला चाळीस वर्षं पाठ आहे, आणि मग तुमच्या पक्षाचं नाव सांगितलं. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. मागे रांगेत कुणीतरी खोकायचं थांबलं. अर्डिथनं विणकाम खाली ठेवलं, नोंदवहीत माझ्या नावापुढे तुमच्या पक्षाचं अक्षर लिहिलं आणि म्हणाली, ‘सही इथे.’ काल सकाळी वेंडेलचा फोन आला. ‘यादी पाहिली मी,’ एवढंच म्हणाला आणि ठेवून दिला.

कुणी कुठली मतपत्रिका घेतली ती यादी कुणालाही बघता येते, तूही बघशील, म्हणून हे पत्र. आणि ते आजच, टपालानं नाही, संध्याकाळी मी स्वतः तुमच्या दाराच्या फटीतून सरकवणार आहे. उद्या तू जिंकल्यावर सांगितलं तर हिस्सा मागितल्यासारखं होईल, हरल्यावर सांगितलं तर समजूत काढल्यासारखं. मला दोन्ही नको. परिषदेची जागा गेली त्याचं मला वाईट वाटतं, खूप वाटतं, खोटं कशाला लिहू. शाळा मी माफ केलेली नाही, आणि नोव्हेंबरात माझं मत तुझ्या विरुद्धच असेल, ते गृहीत धर. पण तुला घरी बसवायचं असेल तर ते मी बसवीन, लाइल बसवेल, ते ट्रॅक्टरवाले बसवतील. फोन करणाऱ्यांनी नाही. उद्या पावणेबाराला मी कचेरीत येते. डार्लाला सांग, तुझ्या डाव्या बाजूची खुर्ची धरून ठेव.

तुझीच, अजून रागावलेली,
नडीन